पगार खात्यावर घ्यायची सक्ती: मालक काय सांगू शकतो, काय नाही

मंडळी, अमेरिकेत नोकरीवर रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात डायरेक्ट डिपॉझिटचा, म्हणजे पगार थेट बँक खात्यात जमा करण्याचा, फॉर्म हमखास असतो. ‘यावर सही केली नाही तर चालेल का?’ असं लोक विचारतात, तेव्हा खरं तर ते दोन प्रश्न एकदम विचारत असतात. पगार खात्यावरच घे, असं मालक म्हणू शकतो का? आणि अमक्याच बँकेत खातं उघड, असं म्हणू शकतो का?

दुसऱ्याचं उत्तर देशभर एकच: नाही. १९७८ चा इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायदा आणि त्याखालची नियमावली, रेग्युलेशन ई, यांनुसार ठरावीक बँकेत खातं उघडणं ही नोकरीची अट होऊ शकत नाही. मालक स्वतः बँक असली तरीही नाही. पहिल्याला मात्र संघीय, म्हणजे देशभर लागू असलेल्या, कायद्याची हरकत नाही. बँक कामगारानं निवडायची असेल, तर खात्यावरच पगार घेण्याची सक्ती चालते. मालकाला आपल्याच बँकेत पगार जमा करायचा असेल, तर चेक किंवा रोख असा दुसरा मार्ग कामगारापुढे ठेवावा लागतो.

पण इथे थांबू नका, कारण राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो. कॅलिफोर्नियात कामगारानं आपखुशीनं मान्यता दिल्याशिवाय पगार खात्यावर टाकता येत नाही. न्यू यॉर्कमध्ये आगाऊ लेखी संमती लागते. कार्यकारी, प्रशासकीय आणि व्यावसायिक पदांना त्यातून सूट आहे, पण आठवड्याचा पगार १,३०० डॉलरहून जास्त असेल तरच. मार्च २०२४ पर्यंत ही मर्यादा ९०० होती. जुने फॉर्म वापरणाऱ्या कंपन्या इथे हटकून चुकतात. मुख्यालय कुठे आहे ते पाहू नका. साधारणपणे काम जिथे होतं, तिथला कायदा लागतो.

ज्यांचं खातंच नाही त्यांचं काय? एफडीआयसी या बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अशी सुमारे ५६ लाख कुटुंबं निघाली. त्यांच्या हाती बऱ्याचदा पेरोल कार्ड, म्हणजे ज्यावर पगार जमा होतो असं कार्ड, दिलं जातं. हे कार्डही मालकानं निवडलेल्या संस्थेतलं खातंच असतं, म्हणून ‘कार्ड घे, नाहीतर पगार नाही’ हे बेकायदा आहे. कार्डासोबतचा शुल्काचा तक्ता नीट वाचा. कार्ड घेणं बंधनकारक नाही किंवा पगार घेण्याचे इतर मार्ग आहेत, हे त्याच्या अगदी वर लिहिलेलं असलंच पाहिजे. माझ्या मते त्या तक्त्यातली ही सगळ्यात मोलाची ओळ, आणि तीच कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

आता फॉर्म भरण्याकडे वळू. बँक ओळखण्याचा क्रमांक, म्हणजे राउटिंग नंबर, ९ अंकी असतो. त्यातल्या अंकांना ओळीनं ३, ७, १ असं तीनदा गुणून बेरीज केली, की ती १० नं निःशेष भागली गेली पाहिजे. त्यामुळे एखादा अंक चुकला, तर संगणक लगेच अडवतो. खाते क्रमांकाला अशी सर्वत्र लागू असणारी तपासणी नाही. शिवाय पगार जमा करणारी बँक नाव जुळवून पाहायला बांधील नसते, ती खाते क्रमांकावर विसंबू शकते. तो क्रमांक कुणाचाच नसेल, तर पैसे साधारण २ बँकिंग दिवसांत परत येतात. दुसऱ्या कुणाचा असेल, तर पगार त्याच्या खात्यात जाऊन बसतो. मालकाला ५ बँकिंग दिवसांच्या आत पैसे परत खेचणारी उलटी नोंद पाठवता येते, पण समोरच्यानं तोवर पैसे काढले असतील तर ती नोंद फेटाळली जाऊ शकते. चूक मालकाच्या कचेरीत झाली असेल, तर कामगाराचा पगार अजून द्यायचाच आहे. उलट्या नोंदीची वाट पाहत त्याला थांबवायचं नाही.

म्हणून तुम्ही पगार देणारे असाल, तर क्रमांक हातानं लिहून घेण्यापेक्षा रद्द केलेला चेक किंवा बँकेचं पत्र घ्या. पगाराआधी शून्य रकमेची चाचणी नोंद पाठवा आणि ३ बँकिंग दिवस थांबा. तेवढ्यात पगाराची तारीख आली, तर तो एक पगार चेकनं द्या.

खातं बदलण्याची विनंती ईमेलनं आली, तर जास्तच सावध व्हा. कामगाराच्या नावानं ईमेल पाठवून पगार आपल्या खात्यात वळवणारे भामटे पुष्कळ आहेत. त्या ईमेलमधला फोन नंबर वापरू नका. नोकरीच्या फाइलमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, कामगाराशी प्रत्यक्ष बोला आणि मगच नवा क्रमांक चढवा.