प्रिन्सेस शार्लट वाचली असती तर?

नमस्कार मंडळी. ५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख म्हटली की आपल्याला खडकीची लढाई आठवते. त्याच रात्री नऊच्या सुमारास इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या क्लेअरमाँटच्या वाड्यात, एकवीस वर्षांची एक मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला, नऊ पौंडांचा, पण मृत. पहाटे अडीचच्या सुमारास तीही गेली.

ही प्रिन्सेस शार्लट. राजा तिसरा जॉर्ज याची नात, युवराजाची एकुलती एक लेक. तिसऱ्या जॉर्जची बारा मुलं तेव्हा हयात होती, पण कायदेशीर नातवंड हे एकच. ब्रिटनची गादी पुढे तिच्याकडे जाणार, हे ठरलेलं होतं.

आता त्या बाळंतपणाकडे नीट बघूया. कळा सोमवारी संध्याकाळी सुरू झाल्या आणि बुधवारी रात्री संपल्या. पन्नास तास! त्यातला शेवटचा टप्पा, जो काही तासांत उरकायला हवा, तो चोवीस तास चालला. त्याआधी गरोदरपणात तिचं रक्त काढलं जात होतं, जेवण तोडलं होतं. तेव्हाची वैद्यकीय पद्धतच तशी होती. सर रिचर्ड क्रॉफ्ट हे तिचे डॉक्टर. निसर्गाला त्याचं काम करू द्यावं, चिमटा (बाळाला धरून बाहेर ओढायचं अवजार) शक्यतो लावू नये, अशी त्या काळची शिकवण, आणि ते तिला धरून राहिले. चिमटा लावला असता तर आई तरी वाचली असती, असं माझं मत आहे. तीन महिन्यांनी क्रॉफ्ट यांनी आत्महत्या केली.

यानंतर राजघराण्यात लग्नांची घाई सुरू झाली. ड्यूक ऑफ केंट, म्हणजे तिसऱ्या जॉर्जचा एक मुलगा, वय पन्नास, डोक्यावर कर्ज. पंचवीसहून जास्त वर्षं जिच्यासोबत काढली त्या मादाम द सँ-लोराँला त्याने सोडलं आणि १८१८ मध्ये एका जर्मन विधवेशी लग्न केलं. ती विधवा म्हणजे शार्लटच्या नवऱ्याची, लिओपोल्डची, सख्खी बहीण. २४ मे १८१९ ला तिला मुलगी झाली, तीच व्हिक्टोरिया. या वेळी बाळंतपणाला जर्मनीहून डॉक्टर बाई बोलावल्या होत्या, शार्लट फॉन सीबोल्ड. याच बाईंनी तीन महिन्यांनी जर्मनीत आणखी एक बाळंतपण केलं. ते बाळ म्हणजे अल्बर्ट, व्हिक्टोरियाचा पुढे होणारा नवरा.

तर शार्लट वाचली असती, तर? इथे बरेच जण एकदम पहिल्या महायुद्धावर उडी मारतात. मला वाटतं, दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कोण जन्मलं नसतं, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. काय घडलं नसतं, ते तितकं सोपं नाही.

केंटचं ते लग्न झालं नसतं, म्हणजे व्हिक्टोरिया नाही. तिचा नातू, पहिल्या महायुद्धातला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म नाही. तिची नात, रशियाची त्सारिना (सम्राज्ञी) अलेक्झांड्रा नाही, आणि हिमोफिलियाने (रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक रोगाने) आजारी असलेला तिचा मुलगा अलेक्सीही नाही. पण म्हणून रशियन क्रांती टळली असती? जमीन, भाकरी आणि युद्ध यांचे प्रश्न राजपुत्राच्या रक्तातून आलेले नव्हते. पेशवाईचंही तेच. ती लढाई कंपनी लढत होती, लंडनच्या गादीचा वारस कोण याने पुण्यात काही फरक पडला नसता. बोरीबंदरच्या स्टेशनाला १८८७ साली दुसऱ्या कुणाचं तरी नाव मिळालं असतं, इतकंच.

हॅनोव्हरबद्दल एक गैरसमज आहे. ब्रिटनचा राजाच तेव्हा तिथलाही राजा होता. शार्लट राणी झाल्यावर ते जर्मन राज्य ब्रिटनकडेच राहिलं असतं, असं काहींना वाटतं. नाही. तिथे घराण्यात पुरुष वारस असेपर्यंत बाईला गादी नव्हती. प्रत्यक्षात ते १८३७ ला, व्हिक्टोरिया राणी झाल्यावर, सुटलं. शार्लट असती तर १८३० मध्येच, तिचे वडील वारल्यावर, काकाकडे गेलं असतं.

मला खरं थांबावंसं वाटतं ते लिओपोल्डपाशी. बायको गेलेला हा तरुण १८३१ मध्ये बेल्जियमचा पहिला राजा झाला. शार्लट असती तर तो लंडनमध्ये राणीचा नवरा म्हणून राहिला असता. बेल्जियम देश तरीही झाला असता, कारण उठाव १८३० मध्ये तिथल्या लोकांनी केला होता. त्यांनी आधी फ्रान्सच्या राजाचा मुलगा निवडलाही होता, पण बापाने नकार दिला. मात्र लिओपोल्डच्या दुसऱ्या लग्नातून झालेला मुलगा, दुसरा लिओपोल्ड, जन्मलाच नसता. आणि आफ्रिकेतला काँगो मिळवायची हौस बेल्जियन सरकारची नव्हती, या एका माणसाची होती. १८८५ ते १९०८ तो प्रचंड प्रदेश त्याच्या खासगी मालकीचा होता. रबराचा कोटा भरला नाही म्हणून गावं जाळली गेली, माणसांचे हात तोडले गेले.

तो नसता तर तिथे पोर्तुगाल किंवा फ्रान्स आला असता. पोर्तुगालचा काँगो नदीच्या मुखावर जुना दावा होता, आणि १८८४ च्या करारात ब्रिटनने तो मान्यही केला होता. त्यांनी चांगलं राज्य केलं असतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण अख्खा देश एका राजाची खासगी मिळकत झाला नसता, एवढं मी ठामपणे म्हणेन.