एका टेबलाभोवती तीन पिढ्या

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं ऑस्टिन. जेमतेम 4,200 वस्तीचं गाव. ज्या स्कॉट काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, ते येतं, तिथे वर्षाला एचआयव्हीचे 5 रुग्णही सापडत नसत. जानेवारी 2015 मध्ये एकदम 11 जणांची नोंद झाली. एप्रिल संपायच्या आत आकडा 135 वर गेला आणि नोव्हेंबर उजाडला तेव्हा 181 वर.

या 135 जणांची वयं 18 पासून 57 पर्यंत. बायका जवळपास पुरुषांइतक्याच. शिरेतून नशा करणारे म्हटलं की आपल्यासमोर एका वयाची, कुठल्याशा अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली पोरं येतात. ऑस्टिनमध्ये एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या एकत्र बसून टोचून घेत होत्या. शेजारीपाजारीही येऊन बसत.

पडद्यावर हा चमचा दिसतोय, तो नीट बघा. शेजारी पाण्याचा पेला आणि कापसाचा बोळा. गोळी ऑक्सिमॉर्फोनची, म्हणजे तीव्र वेदनेवर डॉक्टर लिहून देतात ती. चमच्यात पाण्यात विरघळवायची, कापसातून गाळून सुईत ओढायची. गोळी महाग, म्हणून एकीचे वाटे व्हायचे. अंमल लवकर उतरायचा, म्हणून दिवसातून 4 ते 15 वेळा टोचायचं, आणि दर वेळी सोबत टोचून घेणारे आणखी 1 ते 6 जण. सुया मोजक्याच. एखाद्याची सुई वेगळी असली तरी चमचा तोच, कापूस तोच. 135 पैकी 114 जणांना हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजारसुद्धा होता.

पोरं पोरांतच बसली असती, तर विषाणू बराचसा त्यांच्यातच फिरला असता. पण दुपारी मित्रांसोबत बसलेला मुलगा संध्याकाळी काकांकडे बसला, की दोन घोळके त्याच्या एकट्याच्या रक्ताने जोडले जातात. आणि परक्याची सुई घेताना माणूस निदान कचरतो तरी. आईच्या हातची सुई घेताना कोण कचरेल? मला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त सलतं. जिथे विश्वास होता, त्याच वाटेने लागण गेली.

लागण झालेल्यांनी मिळून आपल्या संपर्कातल्या 373 जणांची नावं सांगितली. पुढे 157 जणांच्या विषाणूंची जनुकीय ठेवण एकमेकांशी इतकी जुळली, की सगळी एकाच साखळीची कडी निघाली.

गावात डॉक्टर एकच, विल्यम कुक. राज्यात नशा करणाऱ्यांना कोऱ्या सुया वाटायला तेव्हा कायद्याची मनाई होती. 26 मार्चला गव्हर्नर माइक पेन्स यांनी आरोग्य आणीबाणी जाहीर केली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला काउंटीत जुनी सुई देऊन कोरी घेण्याची सोय झाली. नव्या लागणी पुढे झपाट्याने घटल्या. ही सोय आधी झाली असती तर किती घरं वाचली असती, हा विचार डोक्यातून जात नाही.

जून 2021 मध्ये काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तीन कमिशनरांनी सुया बदलून देणाऱ्या त्या केंद्रावर मतदान केलं. दोन विरुद्ध एक. केंद्र बंद करायचं ठरलं.