नायक कंपनीचा, खलनायक लेखकाचा

(दृश्य : जुन्या इंग्रजी साप्ताहिकाचे पिवळे पडलेले मुखपृष्ठ. कॅमेरा हळूहळू कथेच्या शीर्षकाकडे सरकतो.)

१८९३ सालचा डिसेंबर महिना इंग्रजी रहस्यकथेच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावा असा आहे. त्या महिन्यात ‘स्ट्रँड’ मासिकाच्या अंकात शेरलॉक होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात नाहीसा झाला, आणि त्याच महिन्यात अर्ध्या पेनीला मिळणाऱ्या ‘हाफपेनी मार्व्हल’ या स्वस्त साप्ताहिकात सेक्स्टन ब्लेक नावाचा एक नवा गुप्तहेर वाचकांसमोर आला. होम्सला त्याच्या लेखकाने मारले आणि पुढे त्यानेच परतही आणले, कारण होम्स त्याचा स्वतःचा होता. ब्लेकचे तसे नव्हते. हॅरी ब्लाइथ या पत्रकाराने ‘हॅल मेरेडेथ’ या टोपणनावाने त्याची पहिली कथा लिहिली, परंतु नायकाचा हक्क गेला तो आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांच्या प्रकाशनसंस्थेकडे. ब्लाइथ १८९८ साली वारला, आणि त्याच्या पश्चात हा नायक पाऊणशे वर्षे इतरांच्या लेखणीवर जगला.

सुमारे दोनशे लेखकांनी मिळून ब्लेकच्या चार हजारांहून अधिक कथा लिहिल्या. हे आकडे मराठी वाचकाला वेगळ्या अर्थाने चकित करतील, कारण आपल्याकडे एकट्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड, धनंजय असे अनेक नायक एकाच घरात वाढवले. इथे नेमके उलटे घडले. नायक एकच होता आणि त्याला वाढवणारी माणसे शेकड्यांनी होती. इतक्या माणसांच्या हातून एक जग उभे राहिले आणि ते विस्कटले नाही, हे कसे जमले असेल, हा या चित्रफितीचा विषय आहे.

(दृश्य : बेकर स्ट्रीटचे जुने छायाचित्र. घोडागाड्या, धुके, गॅसचे दिवे.)

पहिल्या काही वर्षांतला ब्लेक आज वाचला तर तो ओळखू येत नाही. त्याचा सहकारी ज्यूल्स जर्वेज नावाचा फ्रेंच गुप्तहेर होता आणि त्याच्या वागण्याबोलण्यात लक्षात राहावे असे फारसे काही नव्हते. ज्याला आपण ब्लेकचे जग म्हणू, ते विसाव्या शतकाच्या आरंभी, वेगवेगळ्या कथांतून, एकेक वस्तू घरात यावी तसे जमत गेले. १९०४ साली टिंकर हा चलाख मुलगा मदतनीस म्हणून आला. १९०५ साली विल्यम मरे ग्रेडन या अमेरिकेत जन्मलेल्या लेखकाने पेड्रो नावाचा ब्लडहाउंड कुत्रा आणला, आणि त्याच वर्षी श्रीमती बार्डेल ही घर सांभाळणारी बाई आणली, जी मोठमोठे शब्द वापरण्याच्या हौसेपायी प्रत्येक वाक्यात एखाद्या शब्दाची गल्लत करून ठेवत असे. पुढे ‘ग्रे पँथर’ ही रोल्स रॉईस गाडी आली. बेकर स्ट्रीटवरचे घर, मुलगा, कुत्रा, बाई आणि गाडी एवढे सामान ठरून गेले, आणि त्यानंतर जो कोणी लेखक या घरात शिरला त्याला ते सामान जागच्या जागी ठेवूनच बाहेर पडावे लागले.

सामायिक कथाविश्वाचा पहिला नियम इथे दिसतो, आणि तो कठोर आहे. आपल्या कथेत टिंकर मरू शकत नाही, प्रेमात पडून लग्न करू शकत नाही, एवढेच काय, तो मोठाही होऊ शकत नाही, कारण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लेखकाला तो आहे तसाच हवा असतो. ज्या लेखकाला माणसातला बदल लिहायचा आहे, त्याच्यासाठी हे बंधन जाचकच म्हणावे लागेल. तरीही या मालिकेत अत्यंत कल्पक माणसे रमली, आणि त्याचे कारण माझ्या मते एकच आहे : नायक जरी कंपनीचा असला, तरी खलनायक लेखकाचा असे.

(दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढराशुभ्र चेहरा, हातात व्हायोलिन.)

‘युनियन जॅक’ हे साप्ताहिक १८९४ साली सुरू झाले आणि पुढे ते ब्लेकचे हक्काचे पत्र बनले. त्यात १९१९ साली अँथनी स्कीन या नावाने लिहिणाऱ्या जॉर्ज नॉर्मन फिलिप्स यांनी झेनिथ नावाचा गुन्हेगार आणला. त्याची कातडी आणि केस पांढरे, डोळे लालबुंद, अंगावर सदैव संध्याकाळच्या मेजवानीचा निर्दोष पोशाख आणि ओठांत अफूची सिगारेट. तो उत्तम व्हायोलिन वाजवतो. पैशाची त्याला फारशी ओढ नाही. जगण्याचा त्याला असह्य कंटाळा आलेला आहे, आणि जीव धोक्यात घातल्यावाचून तो कंटाळा जात नाही म्हणून तो गुन्हे करतो. ब्लेकशी त्याचे वैर आहे, पण त्या वैरात एक प्रकारचा आदरही आहे, कारण त्याच्या तोडीचा माणूस लंडनमध्ये दुसरा नाही. असा माणूस समोर उभा ठाकला, की आजवर चाकोरीत वावरणारा ब्लेकही त्या कथेपुरता अधिक खोल आणि अधिक एकाकी वाटू लागतो.

कॅनडात जन्मलेल्या जी. एच. टीड यांनी हक्सटन रायमर हा वाट चुकलेला निष्णात शल्यविशारद आणि इव्हॉन ही सूडासाठी गुन्ह्याकडे वळलेली तरुणी निर्माण केली. एड्वी सर्ल्स ब्रुक्स यांनी अचाट ताकदीचा वाल्डो आणला. जॅक लुईस यांचा लिऑन केस्ट्रेल वेषांतरात असा तरबेज होता, की कथेतले कुठले पात्र खरे आणि कुठले केस्ट्रेल, हे शेवटपर्यंत वाचकाला उमगत नसे. रॉबर्ट मरे यांनी गुन्हेगारांचा एक अख्खा महासंघच उभा केला. हे रॉबर्ट मरे म्हणजे पेड्रो आणि श्रीमती बार्डेल यांना जन्म देणाऱ्या ग्रेडन यांचे चिरंजीव. वडिलांनी घर सजवले आणि मुलाने त्या घरावर शत्रू पाठवले.

कित्येक वर्षे या कथांवर लेखकाचे नाव छापले जात नसे. तरीही खलनायकाचे नाव दिसले की नेहमीच्या वाचकाला लेखणी कोणाची हे कळत असे. झेनिथ आला म्हणजे कथा स्कीनची, रायमर आला म्हणजे टीडची. सहीची जागा खलनायकाने घेतली होती. अनामिक लेखकाने स्वतःची ओळख जपण्याचा यापेक्षा सुंदर मार्ग मला तरी दुसरा कुठे दिसलेला नाही.

(दृश्य : संपादकाचे टेबल. हस्तलिखितांचे गठ्ठे, लाल पेन्सिल.)

या सर्वांना एकत्र बांधणारा माणूस संपादक होता. कुत्र्याचे नाव, गाडीचा रंग, मागच्या महिन्यात तुरुंगात गेलेला गुन्हेगार आज मोकळा कसा फिरतो आहे, हे सारे त्याने ध्यानात ठेवायचे. १९१५ साली सुरू झालेल्या ‘सेक्स्टन ब्लेक लायब्ररी’ या पुस्तकमालेचे संपादन लेन प्रॅट यांनी अनेक दशके केले. ‘युनियन जॅक’चे संपादक हॅरोल्ड ट्वायमन यांना लेखकांना कामाला लावण्याची वेगळीच हातोटी होती. १९३२ साली त्यांनी एका ट्राममधल्या गूढ प्रसंगाचे वर्णन लेखकांपुढे ठेवले आणि त्याचा उलगडा करण्याचे आव्हान दिले. मरे, टीड, स्कीन आणि ग्विन एव्हान्स या चौघांनी ते स्वीकारले आणि एकाच प्रसंगाचे चार निराळे उलगडे लिहिले. सोबत लिहिण्यातली स्पर्धा आणि मौज या एका प्रयोगात एकत्र सापडते. प्रसंग सगळ्यांना सारखाच मिळाला होता. वेगळी होती ती प्रत्येकाची नजर.

ब्लेकचे जग इंग्लंडपुरते राहिले नाही. बंगालीत दीनेंद्रकुमार राय यांनी ‘रहस्यलहरी’ या मालेतून त्याला रॉबर्ट ब्लेक या नावाने आणले आणि कलकत्त्याच्या वाचकाला लंडनच्या गल्ल्या परिचयाच्या करून दिल्या. हेच दीनेंद्रकुमार पूर्वी काही काळ बडोद्याला राहून श्री अरविंदांना बंगाली शिकवत होते, हे सयाजीरावांच्या बडोद्याशी नाते सांगणाऱ्या मराठी वाचकाला आवर्जून सांगावेसे वाटते.

(दृश्य : १९५० नंतरची मुखपृष्ठे. भडक रंग, पिस्तूल, तरुणी.)

१९५६ च्या सुमारास विल्यम हॉवर्ड बेकर यांनी सूत्रे हाती घेतली आणि जुने घर मोडून नवे बांधले. ब्लेकचे कार्यालय बर्कली स्क्वेअरला गेले, पॉला डेन ही चिटणीस आली, टिंकर हा एडवर्ड कार्टर या नावाचा प्रौढ माणूस झाला. अनेक जुन्या वाचकांना हे रुचले नाही. मला मात्र ते आवश्यक वाटते, कारण पन्नास वर्षे मूलच राहिलेल्या मुलाला कोणीतरी कधीतरी मोठे होऊ देणे भाग होते. याच काळात ‘डेझमंड रीड’ हे सामायिक नाव प्रचारात आले. एखाद्या लेखकाचे हस्तलिखित संपादकीय खोलीत बरेच बदलले गेले, की ते या नावाने छापले जाई.

लेखकांना आपले खलनायक किती जवळचे होते, हे त्यांनी पुढे काय केले यावरून दिसते. स्कीन यांनी १९३६ साली झेनिथवर स्वतंत्र कादंबरी लिहिली, आणि तीत ब्लेकला स्थान नव्हते. ब्रुक्स यांनी वाल्डोच्या जुन्या कथा नव्याने घडवल्या आणि नॉर्मन कॉन्क्वेस्ट हा स्वतःच्या मालकीचा नायक उभा केला. ब्लेक कंपनीकडेच राहिला.

(दृश्य : १९६२ सालच्या एका पुस्तकाचे मुखपृष्ठ. कॅमेरा लेखकाच्या नावावर स्थिरावतो.)

लहानपणापासून या कथा वाचणारा मायकेल मूरकॉक नावाचा एक तरुण पुढे याच मालेच्या संपादकीय विभागात काम करू लागला. १९६१ साली त्याने एल्रिक हा पांढऱ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा, आपल्याच वंशाला कंटाळलेला राजा निर्माण केला, आणि तो झेनिथवरून सुचल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. त्यानंतरच्या वर्षी जेम्स कॉथॉर्न या मित्राबरोबर लिहिलेली त्याची ब्लेककथाही प्रसिद्ध झाली. ‘कॅरिबियन क्रायसिस’ हे तिचे नाव. तिच्या मुखपृष्ठावर मूरकॉक नाही आणि कॉथॉर्नही नाही. तिथे छापलेले आहे, डेझमंड रीड.