पावसाळी मुलखातला लाकडी डेक

नमस्कार श्रोतेहो. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे घरापुढे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, बांधायची हौस वाढली आहे. समोर कोयनेचं पाणी असलं की तिथं चार खुर्च्या टाकून बसावंसं वाटणारच. पण काही पावसाळ्यांतच फळ्या मऊ पडतात आणि सगळे लाकडाला नावं ठेवतात.

पाऊस पडून वाहून गेला तर लाकडाचं फारसं बिघडत नाही. अडून राहिलेलं पाणी त्याला खातं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणारी बुरशी धरते. म्हणून दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट हवीच, आणि खालून वारा खेळायला हवा. फळीचं कापलेलं तोंड सगळ्यात जास्त पाणी पितं. बसवण्याआधी तिथं मेण किंवा सीलर लावून घ्या. हे काम मिस्त्रीवर सोडू नका, उभं राहून करून घ्या.

साग घ्यायचा तर गाभ्याचा घ्या. कडेचा पांढुरका भाग सागाचा असला तरी टिकत नाही, आणि स्वस्तातल्या फळ्यांत तोच जास्त असतो. पाइन घेतलात, तर औषध दाबाखाली आत मुरवलेलं आहे ना, हे विचारा. ब्रशनं लावलेलं वरच राहतं. त्या औषधात बहुधा तांबं असतं, ते साध्या खिळ्यांना गंजवतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळ्या, म्हणजे डब्ल्यूपीसी, कुजायला वेळ घेतात, पण उन्हात तापतात, फुगतात. दहिवडीच्या उन्हात त्यावर अनवाणी चालवणार नाही. शिवाय त्यांना खालचे आधार जवळजवळ लागतात.

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात सुमारे ५००. दोन्हीकडे एकच सल्ला कसा चालेल? साताऱ्यात, वाईत उघड्यावर सागाचा डेक मी खुशाल सुचवेन. महाबळेश्वर, तापोळ्याला मात्र पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे लाकूड वाळतच नाही. तिथं उघड्यावर जांभा किंवा खडबडीत काळा दगड उतार देऊन बसवावा, आणि लाकूड छपराखालच्या पडवीपुरतं ठेवावं.

पैसे कमी असतील तर वरची फळी साधी चालेल, खालचा सांगाडा मात्र साधा नको. फळी बदलता येते, सांगाड्यासाठी सगळंच उखडावं लागतं. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप त्याला चांगले. वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो, तिथं जस्ताचा रंग पुन्हा द्या. आणि फळ्यांना तेल दिवाळीनंतर, लाकूड पुरतं वाळल्यावरच द्या.