पाय धुवायचे तर नीट धुवावेत

नमस्कार श्रोतेहो.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला की पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आठवडाभराची धांदल सुरू होते. गुरुवारी संध्याकाळी कॅथलिक देवळांत आणि काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही धर्मगुरू कमरेला टॉवेल बांधतात आणि बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. विधी सुंदर आहे. पण त्या बारा जणांचे पाय घरूनच साबण लावून आलेले असतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. आज बोलायचं आहे ते मंडळीतल्या दुसऱ्या पायांविषयी. मधुमेह झालेली, वाकता न येणारी, अंथरुणाला खिळलेली जी माणसं गुरुवारी देवळात पोचतच नाहीत, त्यांच्या पायांविषयी.

बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, मंडळीच्या यादीत कोणत्या विधवांची नावं घालावीत ते सांगितलं आहे. तिने मुलं वाढवली का, पाहुण्यांना घरात घेतलं का, पवित्र जनांचे पाय धुतले का, अडलेल्याला मदत केली का, हे बघायचं. पाय धुणं तिथे मुलं वाढवण्याच्या आणि पाहुणचाराच्या रांगेत बसलं आहे. वर्षातून एकदा करायची गोष्ट म्हणून ते तिथे आलेलं नाही.

आता पायच का? बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. खडा टोचला, चप्पल चावली, फरशीने भाजलं, तरी कळत नाही. कुष्ठरोगातही नसाच जातात. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६पासून काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं, की कुष्ठरोग्याची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो आणि त्या चालण्याने पाय जातो. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं. म्हणून ध्यानात ठेवा, न दुखणारी जखम दुखणाऱ्या जखमेपेक्षा वाईट.

महिला मंडळाने किंवा तरुण संघाने हे काम घ्यायचं ठरवलं, तर दोघादोघांच्या जोड्या करा. बाईकडे बाया, पुरुषाकडे पुरुष. आधी फोन करून जा. पिशवीत टॉर्च, हातात मावेल असा आरसा, सौम्य साबण, व्हॅसलीन, गॉजच्या घड्या, कागदी चिकटपट्टी, हातमोजे आणि एक वही एवढं पुरे. टब, टॉवेल आणि नेलकटर मात्र ज्याच्या त्याच्या घरचं वापरा. एकच टॉवेल चार घरं फिरला, तर सेवेबरोबर चिखल्याही चार घरं फिरतात.

पहिल्या भेटीत बधिरपणा तपासा. समोरच्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या बोटाने हलकेच, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करा आणि कळलं की बोलायला सांगा. दाबू नका, टोचू नका, न कळलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा हात लावू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर समजून डॉक्टरांकडे पाठवा.

मग पाणी. टबात तीन-चार लिटर कोमट पाणी घ्या आणि ते आपल्या कोपराने तपासा. 'गरम लागतंय का हो आजी?' असं विचारून उपयोग नाही. ज्या पायाला कळत नाही तो काय सांगणार? मधुमेहींचे पाय भिजत ठेवायचे नाहीत. भिजून कातडी लिबलिबीत होते, नंतर कोरडी पडते आणि भेगा वाढतात. साबण लावून दोन-चार मिनिटांत धुवून घ्या. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या, जखम नसलेल्या पायाचं उलटं आहे. त्याचा घाम बंद झालेला असतो, म्हणून साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, घट्टे खरखरीत दगडाने हळूच घासून, ओलसर असतानाच तेल लावतात. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की नुकसान होतं. शिवाय उपचार घेतलेल्या कुष्ठरोग्याचे पाय धुतल्याने रोग लागत नाही. हातमोजे फक्त उघडी जखम असेल तर.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूने पाय धुतले आणि कमरेच्या रुमालाने पुसले, असं दोन्ही लिहिलं आहे. लोक घाई करतात ती या दुसऱ्या कामात. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की चिखल्या होतात, कातडी फाटते आणि तिथून जंतू आत शिरतात. प्रत्येक बेचकं वेगळं करून टिपून घ्या, रगडू नका. व्हॅसलीन टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत अजिबात नको.

पुसता पुसता बघायचं. टॉर्च लावून तळवा पाहा, टाचेखाली आरसा धरा. लाली, सूज, फोड, काळपट डाग, ओली भेग दिसते का? हाताची पालथी बाजू दोन्ही पायांना लावून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी चाललं आहे. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. जाड, आत वळलेल्या नखाला आपण हात लावायचा नाही. पायाचं कुरूप ब्लेडने कापणं आणि दुकानातून आणलेली कुरुपाची पट्टी चिकटवणं, दोन्ही बंद. त्या पट्टीत आम्ल असतं, बधिर पायाला त्याने भाजतं.

जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुवा, गॉज ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हळद, चुना, विडीची राख काही नको. पू, दुर्गंधी, काळी पडलेली कातडी किंवा ताप असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. भेटीनंतर वहीत तारीख घाला, पायाची बाह्याकृती काढून जिथे काही दिसलं तिथे खूण करा. पुढच्या आठवड्याला दुसरी जोडी आली तरी तिला कळतं.

बऱ्याचदा अडतं ते पहिल्याच वाक्याला. 'पाय घाण आहेत रे बाळा, राहू दे.' येशूचा शिष्य पेत्रही शेवटच्या भोजनाच्या रात्री असाच नको म्हणाला होता. इथे बायबलचं वचन ऐकवून माणसाला गप्प करू नये. त्यांनाच धुवू द्या, तुम्ही फक्त पुसायला मदत करा. पुढच्या खेपेला बहुतेक पाय आपणहून पुढे येतो. फोटो तर काढूच नका. प्रार्थना हवी असेल तर शेवटी, त्यांनी म्हटली तर.

एका घराला अर्धा-पाऊण तास लागतो. संध्याकाळी एका जोडीने दोन घरं, फार तर तीन. सणाच्या उत्साहात वीस घरांची यादी करायची आणि मे महिन्यात सुट्टीला गावी निघून जायचं, हे नेहमीचं. त्यापेक्षा चार घरं घ्या आणि वर्षभर दर आठवड्याला जा. रोज पाय बघायचं काम मात्र घरातल्या कोणाला तरी शिकवून यावं लागतं, नाहीतर मधले सहा दिवस कोणीच बघत नाही.

चपलेचंही सांगतो. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून कधी निसटली ते कळत नाही. मागे पट्टा असलेली सँडल हवी, आणि घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवून बघायची. कुष्ठरोगाच्या रुग्णांना एमसीआर नावाच्या मऊ, सच्छिद्र रबराची पादत्राणं राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात मोफत मिळतात; सरकारी दवाखान्यात मागा.

शुभ शुक्रवारची उपासना बारा ते तीन चालते. पुण्याच्या उन्हात देवळाच्या अंगणातली फरशी तव्यासारखी तापते. जिथे चपला बाहेर काढायची रीत आहे, तिथे पाळकांनी मधुमेही आणि वृद्धांना सँडल घालूनच आत यायला सांगावं, तेही आदल्या रविवारीच जाहीर करून. ऐनवेळी कोणी पायात ठेवायला धजत नाही. शनिवारी सकाळी त्या सगळ्यांचे तळवे एकदा बघून घ्या. फोड आलेला असेल तर तो फोडू नका. वर कोरडा गॉज ठेवा आणि दवाखान्यात न्या. जवळचा दवाखाना सणामुळे बंद असला, तर ससून या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो.