घळीतली वाट, लहान मुलांसोबत

श्रोतेहो, नमस्कार.

लहान मुलांना घेऊन डोंगरात जायचं ठरलं की बहुतेक आईबाबांच्या डोळ्यांसमोर शिखर येतं. मी आज घळीची बाजू घेणार आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधून वाहणारी नदी किंवा ओढा, आणि त्याच्या कडेकडेनं जाणारी वाट. चार-पाच वर्षांच्या मुलाला शिखरावरून दिसणाऱ्या दूरच्या डोंगररांगांचं फारसं काही वाटत नाही. त्याला जे हाताला लागतं तेच खरं. आणि घळीत सगळं हाताला लागतं! ओला खडक, शेवाळ, कपारीतले नेचे, गार पाणी, गुळगुळीत गोटे.

मात्र घळीत शिरायचं कुठून, हे घरीच ठरवावं लागतं. डोंगरावर चढ आधी लागतो. मूल दमलं की मागे वळायचं, पुढं सगळा उतारच. घळीत वरच्या तोंडानं उतरलात तर हे नेमकं उलटं होतं. उतारावर मुलं उड्या मारत पळतात, आपणही खुशीत असतो, आणि परतीचा चढ पाय थकल्यावर समोर येतो. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरची सामारियाची घळ घ्या. वरून शिरलं तर वाट सुमारे १६ किलोमीटरची, आणि समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरहून जास्त उंचीवरून ती थेट समुद्राकाठी उतरते. धडधाकट मोठ्या माणसाचेही गुडघे त्यात बोलू लागतात. पण त्या घळीचा सर्वांत अरुंद भाग, जिथं दोन कड्यांमध्ये जेमतेम तीन-चार मीटरची फट उरते, तो खालच्या टोकाकडे आहे. समुद्राकाठच्या आगिया रुमेली गावाकडून शिरून तिथवर जाऊन परत येता येतं. लहान मुलं असलेल्या घरानं हाच रस्ता धरावा असं मला ठामपणे वाटतं. खालून वर जायचं, आणि मूल कंटाळलं की वळायचं. मग परतीची वाट उताराची मिळते.

आणि किती अंतर जायचं हे ठरवूच नका. किती वेळ जायचं ते ठरवा. सगळ्यांत धाकट्याची चाल हीच सगळ्यांची चाल. तास-दीड तास पुढं, मग परत. दुसरं टोक दिसलं नाही तरी काही बिघडत नाही, मुलांना त्या टोकाशी काही देणंघेणंच नसतं.

आता पाण्याचं. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण घळीत खरी भीती याचीच असते. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं म्हणून घळ सुरक्षित ठरत नाही. वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूर पडलेला पाऊस त्याच अरुंद फटीतून खाली येतो. पसरायला जागा नसल्यामुळे पाणी काही मिनिटांत चढतं. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी अशाच लोंढ्यात ११ जणांचा जीव गेला. वादळ झालं होतं ते दूर, वरच्या बाजूला. म्हणून हवामानाचा अंदाज बघायचा तो नदी जिथून येते त्या साऱ्या डोंगराचा. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर तिथूनच मागे फिरायचं. आत असताना नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, तर सामान गोळा करत बसू नका. मुलांना उचला आणि उंच जागा गाठा. वेगानं वाहणारं पाणी जेमतेम १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं. मग मुलांचं काय होईल ते सांगायला नको.

गंमत अशी, की ज्या खुणा आपल्याला सावध करतात त्याच मुलांना सर्वांत जास्त गुंगवतात. मान वर करून कड्याच्या कपारी बघायला सांगा. बाबांच्या डोक्याच्याही वर एखादा ओंडका अडकलेला दिसला तर विचारा, हा तिथं कुणी ठेवला? उत्तर सापडेपर्यंत मूल हलत नाही. नदी नुसत्या पाण्यानं खडक कापत नाही, पाण्यातली वाळू आणि गोटे कानशीसारखे खडकाला घासत जातात. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरून खडकात गोल रांजणखळगे कोरतात. काठावर कोरडा, उथळ रांजणखळगा सापडला तर मुलाला त्यात हात घालू द्या. तळाशी बहुधा ते गोटेही मिळतील. बघून झाले की परत तिथंच ठेवायचे.

हाका मारायला तर मुलं टपलेलीच असतात. कडा १७ मीटरपेक्षा दूर असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. घळ अरुंद झाली की आवाज आवाजात मिसळून नुसता घुमतो. घळ रुंद झालीय की अरुंद, हे डोळे मिटून ओळखायचा खेळ आमच्याकडे फार चालतो. पण सरळ उभ्या किंवा सैल दगडांच्या कड्याखाली थांबून खेळू नये. वर चरणाऱ्या जनावराच्या पायानंही दगड सुटतो. तिथून हेल्मेट घालून, भरभर पुढं जायचं. धबधब्याजवळ हाक ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी. फोनवर विसंबू नका, उंच भिंतींमध्ये सिग्नल जातो आणि नकाशावरचा ठिपकाही भलतीकडे सरकतो. कुठं जातोय आणि कधी परतणार, ते बाहेर कुणाला तरी सांगून निघा.

शेवटी पाठीवरच्या बाळाबद्दल. घळीच्या तळाशी ऊन थोडाच वेळ पोहोचतं. आपण चालून घामाघूम झालेलो असतो, आणि कॅरियरमध्ये बसलेलं बाळ हालचालीशिवाय गारठत असतं. लहान शरीरातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. दर थोड्या वेळानं त्याच्या मानेला आणि छातीला हात लावून बघा. गार लागली तर एक कोरडा थर चढवा, आणि घड्याळात वेळ उरला असला तरी परत फिरा.

नमस्कार.