आखूड नळी, मोठा बोअर : अलास्कातले एक रिव्हॉल्व्हर

(दृश्य : पहाटेचा नदीकाठ, विरळ धुके. छातीपर्यंत रबरी पोशाख घातलेले एक वयस्कर गृहस्थ पाण्यात उतरत आहेत.)

अलास्काच्या कीनाय द्वीपकल्पावरील रशियन नदीत उन्हाळ्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागले, की गळ टाकणारी माणसे आणि तपकिरी अस्वले एकाच काठावर, एकाच माशासाठी येतात. पडद्यावरच्या या गृहस्थांच्या हातात गळ आहे, परंतु आपल्याला पाहायचे आहे ते त्यांच्या छातीवर तिरक्या पट्ट्याने आवळलेले चामडी म्यान. ते कमरेला नाही, कारण कंबर पाण्यात बुडते, आणि पाठीवर पिशवी घेतली की तिचाही पट्टा नेमका तिथेच आवळला जातो. साडेसात इंच नळीचे शिकारी रिव्हॉल्व्हर छातीवर बांधून पाहिले तर गळ फेकताना कोपर अडतो आणि मासा सोडवायला वाकले की मूठ हनुवटीला लागते. म्हणून या म्यानात अडीच इंच नळीचे रिव्हॉल्व्हर आहे.

(दृश्य : लाकडी टेबलावर ठेवलेले रिव्हॉल्व्हर, सिलिंडर उघडलेला आणि रिकामा.)

रूगर कंपनीने 2005 मध्ये बाजारात आणलेले हे ‘सुपर रेडहॉक अलास्कन’. सहा काडतुसांचा सिलिंडर, गंजरोधक पोलाद आणि सुमारे सव्वा किलो वजन. 1987 मध्ये आलेल्या मूळ सुपर रेडहॉकची चौकट वर दुर्बीण बसावी म्हणून सिलिंडरच्या पुढे लांबवर नेलेली होती. अलास्कनमध्ये दुर्बीण गेली, चौकट तशीच राहिली आणि नळी तिच्या पोटातच संपली. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला नळी दिसतच नाही. पोलादाच्या ठोकळ्याला भोक पाडावे तसे ते दिसते. याला देखणे म्हणायला जीभ रेटत नाही, पण हातात घेतले की ठोकळ्याचे वजन पुढच्या बाजूला का ठेवले आहे हे मनगटाला लगेच कळते.

आखूड नळीतून जाड गोळी मारण्याची कल्पना मात्र नवी नाही. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने 1872 मध्येच अडीच इंच नळीचे, पाच काडतुसांचे ‘बुलडॉग’ काढले होते, आणि 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून. ते हत्यार शहरातल्या माणसाच्या कोटाच्या खिशासाठी होते. समोरच्या टेबलावरचे हत्यार रानासाठी आहे, आणि दोघांतला खरा फरक काडतुसात आहे.

(दृश्य : तळहातावर शेजारी शेजारी दोन काडतुसे.)

डावीकडचे आहे .45 कोल्ट, एकोणिसाव्या शतकातले. उजवीकडचे, म्हणजे या रिव्हॉल्व्हरचे, आहे .454 कसूल, जे डिक कसूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस तयार केले आणि 1983 मध्ये वायोमिंगमधील फ्रीडम आर्म्स या कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरमुळे बाजारात रुळले. दोहोंची जाडी तीच, म्हणजे गोळी सुमारे साडेअकरा मिलिमीटरची. उजवीकडचे कवच, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारी पितळी नळी, मात्र इंचाच्या दहाव्या भागाने अधिक लांब आहे. ही लांबी मुद्दाम वाढवलेली आहे, कारण जुन्या .45 कोल्टसाठी कमाल दाब चौरस इंचाला 14,000 पौंड ठरवलेला आहे आणि कसूलसाठी 65,000 पौंड. हे काडतूस चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको. उलट दिशेने मात्र मोकळीक आहे : कसूलच्या सिलिंडरमध्ये .45 कोल्ट खुशाल चालते. आपल्याकडे परवानाधारकाजवळ दिसणाऱ्या .32 रिव्हॉल्व्हरची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची असते. कसूलमध्ये 300 ग्रेनची, म्हणजे एकोणीस ग्रॅमहून अधिक वजनाची गोळी ही नेहमीची गोष्ट आहे.

एवढ्या जड गोळीला वेग द्यायचा तर दारू सावकाश जळणारी लागते, आणि सावकाश जळणाऱ्या दारूला लांब नळी लागते. ती इथे नाही. गोळी बाहेर पडते तेव्हा दारूचा बराच भाग अजून जळतच असतो. तो नळीच्या तोंडाबाहेर नारिंगी भडक्यात आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात संपतो. लांब नळीशी तुलना करता वेग बराच घटतो, तरीही उरतो तो लहानसहान नाही. सरळ हिशेब मांडायचा तर मालकाने पाच इंच लांबी वाचवली आणि तिची किंमत वेग, आवाज आणि मनगट या तिघांकडून चुकती केली.

(दृश्य : चांदमारीचे मैदान. कानांत बोळे, त्यांवर कर्णरक्षक, डोळ्यांवर चष्मा.)

हे गृहस्थ सराव करतात तो बहुतांशी .45 कोल्टवर. नवीन मालकांची चूक बहुधा इथेच होते. पहिल्याच दिवशी सहाही कसूल झाडायचे, दोन दिवस अंगठ्याचे मूळ चोळत बसायचे, आणि मग हत्यार कपाटात ठेवून ‘आपल्याकडे आहे’ एवढ्यावर समाधान मानायचे. त्याहून मोठे नुकसान हाताच्या सवयीचे होते. धक्का येणार हे ठाऊक झालेला हात चाप पूर्ण ओढला जाण्याआधीच नळी खाली दाबतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण नेमका त्याच क्षणी स्फोट होतो. म्हणून सोबतचा मित्र सिलिंडरमध्ये पाच खरी काडतुसे आणि एक सरावाचे पोकळ काडतूस भरून देतो. कोणत्या खणात कोणते, ते सांगत नाही. आता पाहा. घोडा पडला, टिक असा आवाज झाला, गोळी सुटली नाही, आणि तरीही नळीचे टोक चांगले इंचभर खाली गेले. गृहस्थ मान हलवून हसतात. हे हसू चाळीस वर्षे बंदूक वापरलेल्या माणसाचे आहे.

त्यात माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा पुढचा उंचवटा, आणि मागची खाच यांच्यातले अंतर आखूड नळीमुळे कमी असते, म्हणजे माशी केसभर सरकली तरी दहा-पंधरा पावलांवरच्या कागदावर ती चूक मोठी होऊन उमटते. पुढचा अंगठा किंवा आधाराचा हात कुठे ठेवायचा, यालाही इथे सवलत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यात जी बारीक फट असते, तिच्यातून दर वेळी तापलेला वायू आडवा फवारतो. या दाबाच्या काडतुसासमोर त्या फटीपाशी बोट राहिले, तर ते गंभीर जखमी होते.

(दृश्य : मोजपट्टीच्या जबड्यात धरलेले एकच काडतूस.)

आता ज्या गोष्टीमुळे ही चित्रफीत करावीशी वाटली, ती पाहू. पाच कसूल झाडले आहेत आणि सहावे न झाडता बाहेर काढले आहे. झाडण्यापूर्वी त्याची लांबी मोजून कागदावर लिहिली होती; आता ते कागदावरच्या आकड्याहून किंचित लांब भरते आहे. दर धक्क्याला रिव्हॉल्व्हर आणि त्यातले कवच झटक्याने मागे येतात, पण कवचात बसवलेली जड गोळी आपल्या जागी राहू पाहते, आणि कवचाचा काठ तिच्याभोवती पुरेसा घट्ट वळवलेला नसेल तर ती केस-दोन केस बाहेर सरकते. पाच धक्क्यांत ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली तर नळीच्या बुडाला अडकते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. अशा वेळी पिस्तुलासारखी खटपट करून मार्ग निघत नाही. रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही, ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. हत्यार जितके हलके आणि काडतूस जितके जड, तितका हा धोका वाढतो. अलास्कनचे सव्वा किलो वजन खांद्याला जड वाटते, पण इथे ते उपयोगी पडते.

(दृश्य : नदीच्या वळणावर ओल्या वाळूत उमटलेला अस्वलाचा पंजा.)

हे सारे ज्याच्यासाठी, त्याच्याशी गाठ क्वचितच पडते. राज्यात सुमारे तीस हजार तपकिरी अस्वले आहेत आणि त्यांतली बहुतेक माणसाचा वास येताच वाट बदलतात. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1883 ते 2009 या काळातील, माणसाजवळ बंदूक असताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या 269 घटना तपासून 2012 मध्ये जे मांडले, त्यात हातबंदुकीला 84 टक्के यश दिसले. पण त्याच अभ्यासात असेही आढळले, की जवळून झालेल्या भेटीत ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांच्याजवळ असून वापरली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. मिरचीच्या फवाऱ्याचा त्यांचा 2008 चा अभ्यास 83 घटनांचा होता, आणि तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने 92 टक्के वेळा काम केले. या गृहस्थांच्या उजव्या कुशीला लाल टोपणाचा फवारा लटकतो आहे आणि हात आधी तिथेच जावा असा त्यांचा सराव आहे. माझ्या मते त्यांच्या अंगावरची सर्वांत शहाणपणाची वस्तू तीच आहे.

अलास्कात हत्यार बाळगण्यासाठी 2003 पासून वेगळा परवाना लागत नाही, परंतु अस्वल मारल्यानंतरचा कायदा कडक आहे. जीव वाचवण्यासाठी मारले तरी कातडे नखांसकट सोलून आणि कवटी काढून दोन्ही राज्याच्या ताब्यात द्यावे लागतात, शिवाय पंधरा दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो. भर पावसात, थरथरत्या हातांनी चारशे किलोचे जनावर सोलायचे म्हणजे काय, याची कल्पना दुकानात हत्यार विकत घेताना कोणी करत नाही. आणखी एक अडचण आहे. अलास्काहून मोटारीने खालच्या अमेरिकेत जायचे तर रस्ता कॅनडातून जातो, आणि तिथे 105 मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हातबंदूक निषिद्ध वर्गात मोडते. अलास्कनची नळी 64 मिलिमीटरचीही पुरती नाही. ज्या आखूडपणासाठी ते घेतले, त्याच आखूडपणामुळे ते सीमेवर अडते. म्हणून ते कुलूपबंद पेटीत, विमान कंपनीला आधी सांगून, सामानाबरोबर जाते.

(दृश्य : संध्याकाळ, झोपडीतले टेबल, कंदिलाचा उजेड.)

सराव आखूड काडतुसांवर झाल्यामुळे प्रत्येक खणात कवच संपते तिथे काजळीचे कडे जमले आहे. ते राहू दिले तर लांब कसूल आत पूर्ण बसत नाही, म्हणून पितळी ब्रश प्रत्येक खणात वीस-वीस वेळा फिरतो आणि मग कापडाचा तुकडा स्वच्छ येईपर्यंत आत-बाहेर होतो. गंजरोधक पोलादही नदीच्या पाण्यापुढे पुरेसे पडत नाही. मुठीच्या रबराखाली पाणी साचते, म्हणून मूठही उतरवून पुसली जाते. शेवटी डबीतून सहा नवी काडतुसे निघतात, मोजपट्टीत एकेक करून मोजली जातात आणि सिलिंडरमध्ये बसतात. दुपारी ज्याने पाच धक्के खाल्ले होते, ते सहावे काडतूस परत भरले जात नाही. गृहस्थ त्याच्या बुडावर काळ्या पेनाने फुली मारून ते सरावाच्या पेटीत टाकतात.